निस्सान वन-टन: रेडिएटरच्या पंख्याला तडा गेलाय. जुनाच शोधावा, दुसऱ्या गाडीचा बसवावा की इलेक्ट्रिक?

वन_टन_सातारा

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे जबलपूरची निस्सान वन-टन आहे, फौजेचा जुना हलका ट्रक. मॉडेल ४डब्ल्यू७३, फौजेच्या लिलावातून सुटलेली, दोन हात फिरून माझ्याकडे आली. इंजिन मूळचंच आहे: सहा सिलिंडर, पेट्रोल, ३९५६ सीसी, फौजेच्या जोंगा जीपला होतं तेच. गाडी रोजच्या वापरातली नाही. शेतावरची कामं, आणि पाऊस उघडला की मित्रांबरोबर डोंगरातले रस्ते.

गेल्या उन्हाळ्यापासून ती घाटात तापायला लागली. पुण्याहून येताना खंबाटकी चढायला घेतला की मधल्या वळणांपर्यंत काटा लाल रेघेला टेकतो. सपाटीला तक्रार नाही. पाणी बदललं, बेल्ट बदलला, फरक नाही. परवा बॉनेट उघडून टॉर्च घेऊन नीट पाहत बसलो तेव्हा पंख्याच्या एका पात्याच्या मुळाशी, रिव्हेटच्या भोकापासून निघालेली केसाएवढी रेघ दिसली. आधी वाटलं रंग उडालाय. नखाने खरवडलं तर रेघ लोखंडातच आहे. शेजारच्या पात्याला तर आधीच्या कोणी मालकाने वेल्डिंगचा टाका मारून वर रंग फासलाय.

पंखा चार पात्यांचा, पत्र्याचा, वॉटर पंपाच्या हबवर चार बोल्टने बसतो. माझ्यापुढे तीन रस्ते आहेत: तोच पंखा शोधायचा, दुसऱ्या हलक्या ट्रकचा जास्त पात्यांचा बसवायचा, किंवा हे सगळं काढून इलेक्ट्रिक पंखा लावायचा. गाडी शक्य तितकी मूळ ठेवावी असं मनापासून वाटतं, पण ती चालवायची आहे, प्रदर्शनात ठेवायची नाही. जाणकारांनी सांगावं.

घाटवाट

आधी एक काम करा. पंखा बदलेपर्यंत ते इंजिन सुरू करू नका. अगदी गाडी गोठ्यातून अंगणात घ्यायलासुद्धा नाही. बाकीचं जाणकार सांगतीलच.

निवृत्त_फिटर

घाटवाट यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या यंत्र-दुरुस्ती विभागात होतो, वर्कशॉपला आयुष्य गेलं, वन-टन आणि जोंगा दोन्ही हाताखालून गेल्या आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पंख्याचं पातं वेल्ड करायचं नसतं. कधीच नाही. पातं पातळ पत्र्याचं असतं, ते चालताना सतत थरथरतं आणि त्यामुळेच मुळाशी तडकतं. तिथे टाका मारला की टाक्याच्या कडेचा पत्रा कडक आणि ठिसूळ होतो, आणि पुढचा तडा बरोबर त्या कडेने जातो. शिवाय टाक्याचं वजन एका बाजूला वाढतं, पंख्याचा तोल जातो, आणि तो तोल वॉटर पंपाचं बेअरिंग खातो. तुमच्या पंख्यावर वेल्ड केलेलं पातं आणि तडकलेलं पातं शेजारी-शेजारी आहेत यात मला काही नवल वाटत नाही.

तुटलेलं पातं बॉनेटचा पत्रा फाडून बाहेर आलेलं मी पाहिलेलं आहे. सुदैवाने समोर कोणी नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक पोराला एकच सांगत आलो: इंजिन चालू असताना आणि कोणी रेस देत असताना पंख्याच्या रेषेत, म्हणजे बाजूच्या मडगार्डाला टेकून, उभं राहायचं नाही. कार्ब्युरेटर जुळवताना माणूस नेमका तिथेच वाकलेला असतो.

पंखा काढण्याआधी वॉटर पंप तपासा. पंखा बसलेला असतानाच, बेल्ट उतरवून, वरचं आणि खालचं पातं धरून पुढे-मागे हलवा. जरा जरी खेळ जाणवला तर पंप उघडावा लागेल. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं, तिथे ओल किंवा गंजाचा ओघळ असेल तर आतलं सील गेलेलं आहे. खिळखिळ्या पंपावर नवा पंखा बसवून उपयोग नाही. तो पुन्हा थरथरेल, पुन्हा तडकेल.

व्होल्टेज

माझं मत थोडं वेगळं आहे. इलेक्ट्रिक पंखा लावा आणि मोकळे व्हा. थर्मो-स्विच, रिले, चांगली वायर. सकाळी इंजिन लवकर गरम होतं, सपाटीला पंखा बंद राहतो, पेट्रोल वाचतं, आवाज कमी. मुख्य म्हणजे गाडी सिग्नलला उभी असताना इंजिनच्या फेऱ्या कमी असल्या तरी पंखा पूर्ण वेगाने फिरतो. माझ्या जुन्या जीपवर केलंय, समाधानी आहे.

यंत्रशाळा

व्होल्टेज, जीपवर ते चालतं याबद्दल शंका नाही. पण वन-टनचं काम वेगळं आहे, म्हणून थोडा हिशेब मांडतो.

पेट्रोल इंजिनात ढोबळमानाने जेवढी शक्ती चाकांकडे जाते, जवळपास तेवढीच उष्णता कूलंटमधून बाहेर काढावी लागते. घाटात भरलेली गाडी चढवताना इंजिन ५० किलोवॅट देतंय असं धरू. म्हणजे रेडिएटरने सुमारे ५० किलोवॅट उष्णता हवेला द्यायची. हवा कोअरमधून, म्हणजे रेडिएटरच्या जाळीतून, जाताना ३० अंशांनी तापते असं धरलं, तर सेकंदाला जवळपास दीड घनमीटर हवा लागते. घाटात गाडीचा वेग ताशी १५-२० किलोमीटर. समोरून येणाऱ्या वाऱ्याची मदत फार नाही, जवळजवळ सगळी हवा पंख्यानेच ओढायची. १२ व्होल्टचा २० अँपिअर खाणारा पंखा म्हणजे २४० वॅट, एका अश्वशक्तीचा तिसरा हिस्सा. त्याच्या खोक्यावर हवेचा जो आकडा छापलेला असतो तो उघड्यावरचा असतो. जाड कोअरमागे बसवला की तो बराच घसरतो. बेल्टवरचा पंखा इंजिनकडून गरजेला काही अश्वशक्ती घेतो, म्हणून तर त्याच्यात ती ताकद असते.

पंख्याचा नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. फेऱ्या दुप्पट केल्या की हवा दुप्पट, दाब चौपट आणि लागणारी शक्ती आठपट. म्हणजे सपाटीला पेट्रोल वाचतं हे व्होल्टेज यांचं म्हणणं खरंच आहे. पण त्यांची जीप आणि ही गाडी यांच्यावरचा भार एक नाही.

आता तड्याबद्दल. पात्याचं वजन पाव किलो धरा आणि त्याचा गुरुत्वमध्य केंद्रापासून १५ सेंटीमीटरवर. मिनिटाला ३००० फेऱ्यांना त्या पात्याला बाहेर खेचणारं बल सुमारे ३७०० न्यूटन येतं. म्हणजे पावणेचारशे किलोची ओढ, ती दोन-चार रिव्हेटांवर. १८ इंची पंख्याच्या टोकाचा वेग तेव्हा ताशी २५० किलोमीटरच्या वर असतो. हे आकडे पाहिले की निवृत्त_फिटर काकांचा मडगार्डाजवळ उभं न राहण्याचा सल्ला किती मोलाचा आहे ते समजेल.

व्होल्टेज

हिशेब पटला. जीप रिकामी असते आणि मी घाटात क्वचितच जातो. तरी कोणाला पर्याय म्हणून लावायचाच असेल तर आधी गाडीची बॅटरी मोजून घ्या. जुन्या फौजी गाड्यांत २४ व्होल्टही सापडतं आणि कोणीतरी मधे १२ केलेलंही सापडतं. आणि जुना डायनॅमो असेल तर तो मंद फेऱ्यांना २० अँपिअर देणारच नाही. हेडलाइट लावून घाट चढायचा म्हटला की बॅटरी बसेल.

रानवाटा

वाचतेय. फार उपयोगी धागा. वाचनखूण साठवली.

एक बाळबोध प्रश्न: पाती जास्त असली की हवा जास्त, असं सरळ असतं का?

यंत्रशाळा

तसं सरळ नसतं. पात्यांची संख्या, रुंदी, कोन आणि पंख्याचा व्यास, सगळं मिळून ठरतं. व्यासाचा परिणाम सगळ्यात मोठा. चाराची सहा पाती केली तर फायदा होतो, पण पुढे पुढे पाती एकमेकांच्या हवेत येतात आणि शक्ती मात्र खात राहतात. आणि पंख्याभोवती कडं नसेल तर कितीही पाती लावा, टोकांपाशी हवा पुढून मागे जाण्याऐवजी मागून पुढे वळते. तीच तापलेली हवा पुन्हा कोअरमधून ओढली जाते.

वन_टन_सातारा, तुमच्या गाडीला पंख्याभोवतीचा काऊल आहे का?

वन_टन_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. इंजिन त्या दिवसापासून बंदच आहे.

यंत्रशाळा, तुम्ही नेमकं विचारलंत. काऊल नाही! रेडिएटरच्या मागच्या चौकटीला बोल्टची रिकामी भोकं आहेत, म्हणजे कधीकाळी होता. कोणीतरी बेल्ट बदलताना आड येतो म्हणून काढून टाकला असणार. थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचं) घर उघडलं तर तेही रिकामं.

काकांनी सांगितल्याप्रमाणे पंखा धरून हलवला. खेळ आहे. थोडा आहे, पण हाताला स्पष्ट जाणवतो.

कोल्हापूरची_मी

आमचं घरचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासून. पंख्याबद्दल सगळे बोललेच आहेत, मी कोअरबद्दल सांगते. कारण पंखा मागवून बसवाल आणि हवा जाणार कुठून, हा प्रश्न राहीलच.

या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे. लष्करातून सुटलेल्या गाडीचा कोअर आमच्याकडे येतो तेव्हा निम्म्या वेळा त्याच्यावर हिरव्या रंगाचे थरावर थर असतात. लिलावाआधी गाडी देखणी दिसावी म्हणून किंवा पुढे मालकाने हौसेने, समोरून ब्रशने रंग मारलेला असतो. फिनांच्या, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पट्ट्यांच्या, फटी त्या रंगाने बुजतात. रेडिएटरला रंग लागतोच तर तो पातळ काळा, फवाऱ्याने, अगदी हलका. ब्रश तिथे लावायचाच नाही.

दुसरं, आतून. गावाकडे विहिरीचं पाणी ओततात. क्षार नळ्यांत बसतात. तपासायची सोपी रीत: इंजिन गरम झाल्यावर, बंद करून, तापमानाची बंदूक घेऊन कोअरवर आडव्या-उभ्या रेघांनी फिरवा. वरून खाली तापमान हळूहळू उतरलं पाहिजे. मधेच एखादा पट्टा हाताला गार लागत असेल तर त्या नळ्या बंद आहेत. तुम्हाला सध्या इंजिन लावायचं नाही, तेव्हा रेडिएटर काढून दुकानात न्या, वरची-खालची टाकी उघडून रॉडिंग करून घ्या. नळ्यांतून सळई फिरवताना जो चिखल निघतो तो बघितला की माणूस पुन्हा विहिरीचं पाणी ओतत नाही.

पंखा काढायला रेडिएटर बाहेर घ्यावाच लागेल बहुतेक, तेव्हा एका कामात दोन कामं होतील. फक्त एक लक्षात ठेवा. पंखा रेडिएटर न काढता फटीतून ओढून काढायचा प्रयत्न करू नका. पात्याची कड फिनांवरून घासली की ओळीच्या ओळी आडव्या होतात, कधी नळीलाही भोक पडतं. जागा कमीच असेल तर कोअरवर प्लायवुडचा तुकडा उभा करा.

मडगावकर

मी दुसऱ्या हलक्या ट्रकचा सहा पात्यांचा पंखा जोंगाला बसवलाय. मधे लेथवर कातलेली चकती टाकावी लागली, कारण पंखा हबवर बसल्यावर कोअरपासून फारच मागे राहत होता. गाडी चालते आहे, तापत नाही. मूळ पंखा मिळेना म्हणून हा मार्ग घेतला. कोणाला हवं असेल तर चकतीचं माप देतो.

निवृत्त_फिटर

मडगावकर, तुमची गाडी बरी चालते आहे याचा आनंद आहे. पण चकतीबद्दल दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत.

एक, पंखा पुढे सरकला की त्याचं वजन बेअरिंगपासून लांब जातं. पंपाच्या शाफ्टवर ओढ वाढते. चकती जेवढी पातळ तेवढं बरं, आणि लोखंडापेक्षा ॲल्युमिनियमची. दोन, पंखा बोल्टवर मध्यात येत नसतो, हबच्या मधल्या उंचवट्यावर येतो. तो उंचवटा आणि पंख्याचं मधलं भोक यांच्यात फट राहिली तर पंखा किंचित एका बाजूला बसतो, आणि मग नवा पंखासुद्धा तोल नसल्यासारखा हलतो. चकतीला पुढच्या बाजूने तसाच उंचवटा कातून घेतलाय का बघा. नसेल तर पुन्हा लेथवाल्याकडे जा.

पंख्याची दिशाही बघावी लागते. काही पंखे उजवीकडे फिरायला बनवलेले, काही डावीकडे. उलट दिशेचा पंखा पालथा घालून बसवला म्हणजे तो सुलटा होतो असं अनेकांना वाटतं. पालथा घातल्याने हवेची दिशा बदलत नाही, फक्त पात्याचा बाक चुकीच्या बाजूला जातो आणि हवा कमी होते. पातं फिरताना त्याची खोलगट बाजू इंजिनाकडे हवी.

मडगावकर

चकतीला पुढे उंचवटा नाही, चार बोल्टवरच पंखा बसलेला आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल देव बरें करूं, काका. चकती उतरवून लेथवर देतो.

ॲडलेडकर

इकडे ऑस्ट्रेलियातून लिहितोय. आमच्याकडे निस्सान पॅट्रोल ६० मालिका आहे, तिच्यातही तेच पी इंजिन: ८५.७ मिलिमीटर बोअर, ११४.३ मिलिमीटर स्ट्रोक, ३९५६ सीसी. जोंगा ही याच पॅट्रोलची जबलपूरची बहीण. इकडे त्या गाडीला मोठा मान आहे. १९६२ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ रेज स्प्रिग यांनी बायको-मुलांना घेऊन सिम्प्सन वाळवंट मोटारीने ओलांडलं. त्याआधी ते कोणी गाडीने ओलांडलेलं नव्हतं. ती गाडी पॅट्रोल ६०. वाळवंटात, मंद वेगात, रेतीच्या टेकड्यांवर चढत-उतरत. म्हणजे सगळे भाग धड असतील तर या इंजिनाला गार ठेवता येतं.

इकडे वॉटर पंपाची सील, बेअरिंग आणि कधीकधी पंखेही जुन्या गाड्यांच्या मंडळींकडे मिळतात. पण मागवण्याआधी ही मापं घ्या आणि मला पाठवा: पंख्याचा बाहेरचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास, चार बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, बोल्टची जाडी, आणि हबच्या तोंडापासून पात्याच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर. इंजिन एकच असलं तरी गाडीगणिक रेडिएटर पुढे-मागे असतो, म्हणून शेवटचं माप सगळ्यात महत्त्वाचं. पट्टी धरून नाही, कॅलिपरने.

पोरगा_डिझेलचा

थोडं अवांतर विचारतो. निस्सान आपल्या फौजेत आली कशी? मी लहानपणी नगरला या गाड्या खूप पाहिल्यात.

निवृत्त_फिटर

अवांतर नाही, बरं केलंत विचारलंत. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, म्हणजे १९५७ ते १९६२ या काळात, गाड्या आपल्याच आयुध कारखान्यांत बनवायचं ठरलं. जर्मनीच्या मॅनशी करार झाला, त्यातून शक्तिमान ट्रक आली. जपानच्या निस्सानशी करार झाला, त्यातून वन-टन आणि पुढे जोंगा. पुढे १९६९ मध्ये जबलपूरला व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. माझ्या पिढीच्या सगळ्या सैनिकांची अर्धी नोकरी या तीन गाड्यांत गेली. रेशन यांतून, टपाल यांतून, सुट्टीला स्टेशनवर सोडायलाही याच. म्हणून कोणी ही गाडी भंगारात न घालता जीव लावून चालवतोय हे वाचलं की फार बरं वाटतं.

आणि पंख्याचाच विषय आहे म्हणून सांगतो. खोल पाण्यातून गाडी न्यायची असेल तर आम्ही आधी फॅन बेल्ट उतरवायचो. पंखा पाण्यात फिरला की तो बोटीच्या पंख्यासारखा स्वतःला पुढे ओढतो. पातळ पाती पुढे वाकतात आणि रेडिएटरची जाळी कापतात. शिवाय सगळं पाणी उडून डिस्ट्रिब्युटरवर. तुम्ही डोंगरात ओढे ओलांडत असाल तर हे लक्षात असू द्या. आणि जुन्या पंख्याची पाती किंचित पुढे वाकलेली दिसली तर समजा, गाडी कधीतरी अशी पाण्यात गेलेली आहे.

वन_टन_सातारा

माझी दोन पाती पुढे वाकलेलीच आहेत, काका! आत्ता पट्टी लावून पाहिलं.

वन_टन_सातारा

काम पूर्ण झालं. ज्यांना पुढे हे करायचं असेल त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवतो.

मापं ॲडलेडकरांना पाठवली होती, पण त्याआधीच पुण्याच्या एका जुन्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याकडे कापलेल्या जोंगाचे दोन पंखे मिळाले. दोन्हींचं मधलं भोक आणि बोल्टचं वर्तुळ माझ्या हबशी जुळलं. दिसायला दोन्ही उत्तम. त्यातला जास्त चकचकीत होता तोच नापास झाला.

तपासणी अशी केली. आधी रंग पूर्ण काढला, वायर ब्रशने नाही, रंग काढायच्या रसायनाने, कारण ब्रश घासला की बारीक तडे मिटल्यासारखे होतात. मग डाय पेनिट्रंटचे, म्हणजे बारीक तडे दाखवणाऱ्या रंगाचे, डबे आणले. स्वच्छ पुसलेल्या पात्यांवर लाल रंग फवारला, पंधरा मिनिटं तसाच ठेवला, फडक्याने पुसून काढला आणि वर पांढरी पूड फवारली. वाट पाहत बसलो. एका पंख्यावर काही नाही, कोरा पांढरा. दुसऱ्यावर दोन-तीन मिनिटांत रिव्हेटच्या कडेने एक लाल धागा उमटला, मग तो हळूहळू जाड झाला. डोळ्यांना त्या जागी आधी काहीही दिसत नव्हतं, बोट फिरवूनही लागत नव्हतं. ज्यांच्याकडे हे डबे नाहीत त्यांना काकांनी फोनवर जुनी रीत सांगितली: रॉकेल लावून थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि खडूची पूड चोळायची. तडा असेल तर रॉकेल खडूत पाझरून रेघ उमटते. बारीक तड्यासाठी मात्र डबेच घ्यावेत.

नापास पंखा आणि माझा जुना पंखा, दोन्हींची पाती ग्राइंडरने कापून मगच भंगारात दिली. अख्खा दिला असता तर तो रंगून पुन्हा कोणाच्या तरी गाडीवर चढला असता.

वॉटर पंप उघडला. बेअरिंग बाजारात मिळालं, सील ॲडलेडकरांनी पाठवलं (फक्त टपालाचे पैसे घेतले, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे). पंख्याचा तोल दोन सरळ सुऱ्यांच्या धारेवर आडव्या दांड्याने तपासला. कुठल्याही जागी सोडला तरी थांबायला हवा. एक पातं पुन्हा पुन्हा खाली येत होतं. त्याच्या टोकाकडून, मुळाकडून नाही, कानसने अगदी थोडं काढलं.

रेडिएटर कोल्हापूरलाच पाठवला. ताईंनी सांगितला तसाच निघाला: समोरच्या फटी रंगाने बुजलेल्या, आत क्षार. रॉडिंग झालं, दाबाची चाचणी झाली.

काऊल इथल्या पत्र्याच्या कारागिराने बनवला. आधी पुठ्ठ्याचा साचा करून बसवून पाहिला. पात्याच्या टोकापासून कड्यापर्यंत साधारण २० मिलिमीटर फट ठेवली, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि काऊल रेडिएटरला जोडलेला असतो, तो हलत नाही. पंख्याची रुंदी निम्म्याहून थोडी जास्त काऊलच्या आत, बाकी बाहेर. यंत्रशाळा यांनी चित्र काढून पाठवलं होतं, त्यावरूनच केलं. आणि काऊल दोन तुकड्यांत बनवलाय, वरचा अर्धा चार स्क्रू काढले की निघतो. म्हणजे पुढे बेल्ट बदलणाऱ्या कोणाला तो फेकून द्यावासा वाटणार नाही.

बोल्ट नवे, प्रत्येकाखाली स्प्रिंग वायसर. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच दबेल इतकाच ताणला. थर्मोस्टॅट नवा बसवला.

काल दुपारी, ऐन उन्हात, मागे शेतातली खताची पोती टाकून खंबाटकी चढलो. काटा मध्याच्या थोडा वर गेला आणि तिथेच राहिला. माथ्यावर थांबून वरच्या होजवर बंदूक धरली, ८८ अंश. पूर्वी इथे झाकणातून वाफ निघायची.

घाटवाट

अभिनंदन! फोटो टाका. काऊलच्या दोन तुकड्यांची कल्पना फार आवडली.

रानवाटा

मनापासून अभिनंदन. थर्मोस्टॅटबद्दल विचारायचं होतं. आमच्या भागातले मिस्त्री तो काढूनच टाकतात, "आपल्याकडे गरम हवा, त्याची गरज नाही" म्हणतात. त्याने गाडी जास्त गार राहत नाही का?

कोल्हापूरची_मी

राहते, पण चुकीच्या वेळी. सपाटीला, सकाळी, इंजिन कधी पुरेसं तापतच नाही. तेल पातळ होत नाही, पेट्रोल जास्त जळतं, सिलिंडर झिजतात. आणि घाटात, जिथे गरज असते, तिथे त्याचा उपयोग नसतो, कारण तिथे थर्मोस्टॅट तसाही पूर्ण उघडलेला असतो. घाटात तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून ती बरी झाली असेल तर तो थर्मोस्टॅट अडकलेला होता, एवढाच त्याचा अर्थ. नवा बसवायचा. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून, तो कुठल्या अंशाला उघडतो ते बघायचं.

झाकणाकडेही दुर्लक्ष नको. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, लेहला ८८च्या आसपास. दाबाचं झाकण धड असेल तर दर पौंडाच्या दाबामागे उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर हा सगळा फायदा गेला. नवं झाकण किमतीने काहीच नाही, पण ज्या दाबाचं मूळ आहे त्याच दाबाचं घ्या. जास्त दाबाचं लावलंत तर जुन्या कोअरची झाळ सुटेल.

पोरगा_डिझेलचा

माझ्या मामाकडे शक्तिमान उभी आहे. तिच्या पंख्यालाही हेच सगळं लागू का? तो पंखा आणि हा पंखा एकमेकांना चालतात का?

निवृत्त_फिटर

तपासणी अगदी हीच. रिव्हेटची मुळं, वाकलेली पाती, पंपाचा खेळ, काऊल आहे की नाही, डाय पेनिट्रंट. पण पंखा चालणार नाही, ते इंजिन वेगळं, मॅनचं डिझेल. गाडी किती वर्षं उभी आहे? फार वर्षं उभी असेल तर इंजिनाला हात लावण्याआधी बॅटरी सोडून ठेव, बेल्ट उतरव आणि पंखा हाताने एक पूर्ण फेरी फिरवून बघ. अडकत असेल किंवा खरखर येत असेल तर पंपाचं बेअरिंग गंजलंय. तसाच स्टार्टर मारलास तर बेल्ट तुटेल किंवा शाफ्ट. काय आढळतं ते इथेच लिही, पात्यांच्या मुळाचे फोटो जवळून काढ, दोन्ही बाजूंनी.

पोरगा_डिझेलचा

रविवारी मामाकडे जातो, काका. डाय पेनिट्रंटचे डबे घेऊनच जातो.